ज्ञानाचे प्रामाण्य आणि बहिष्कृतांची साक्ष

परमपूज्य बाबासाहेबांच्या विचारांची चर्चा निघाली, की आपल्याकडील विद्वन्मंडळी दोन आक्षेप हटकून पुढे करतात. पहिला असा, की हा विचार या मातीतला नव्हे. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून, प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्याकडून उसना आणलेला आहे. दुसरा असा, की ड्यूई यांचे तत्त्वज्ञान म्हणजे व्यापारी राष्ट्राचे तत्त्वज्ञान. जे फायद्याचे तेच खरे, एवढाच त्याचा सारांश. अलीकडे या दोहोंना तिसऱ्याची जोड मिळाली आहे. सर्वांसाठी एक असे सत्य नसतेच, प्रत्येक समाजाचे ज्ञान त्याच्या परंपरेपुरते खरे असते, तेव्हा इतरांनी त्याची परीक्षा करू नये, असे आता सांगितले जाते. आणि त्याच्या समर्थनार्थ ड्यूई यांचाच वारसा सांगणारे दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टी यांचे नाव घेतले जाते.

हे वाद पंडितांचे आहेत, आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणू नये. ज्ञान कशाला म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती पाणवठा कोणाचा आणि वाळीत कोणाला टाकायचे हे ठरविण्याचाही अधिकार असतो. तेव्हा या तिन्ही आक्षेपांचा समाचार घेणे आपणांस भाग आहे.

विचाराचे गोत्र

पहिला आक्षेप थोडक्यात निकालात काढू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते आणि ड्यूई तेथे तत्त्वज्ञान शिकवीत होते. हे ऋण बाबासाहेबांनी कधी लपविले नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे जे भाषण होऊ शकले नाही आणि जे १९३६ साली त्यांनी स्वखर्चाने छापले, त्यात त्यांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. १९५२ च्या जून महिन्यात कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली; त्याच महिन्याच्या १ तारखेला ड्यूई निवर्तले होते. शिष्य सन्मानासाठी विद्यापीठात यावा आणि गुरू चारच दिवस आधी जावा, हा योगायोग चटका लावणारा आहे.

परंतु ज्याने ऋण स्वतः जाहीर केले, त्याच्यावर चोरीचा आरोप कसा ठेवता येईल? आणि विचार कोठे जन्मला, हा प्रश्न इतका महत्त्वाचा का वाटावा? माणसाचे मोल जन्मावरून ठरविण्याची ज्यांना सवय जडली आहे, ते विचारालाही प्रथम त्याचे गोत्रच विचारतात. विचार काय करतो, कोणाचे बंधन तोडतो, कसोटीला उतरतो की नाही, हे विचारण्याची त्यांना गरज भासत नाही. आगगाडी विलायतेची म्हणून त्यांनी पंढरीची वारी बैलगाडीने केल्याचे कोणी पाहिले नाही. विटाळ फक्त समतेच्या विचाराचा होतो!

फळ कोणते आणि ते पाहणारा कोण?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. ड्यूई ज्या पंथाचे, त्या पंथाला मराठीत ‘फलप्रामाण्यवाद’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही. पण आमच्या भाषेत ‘फळ’ हा शब्द मोठा दगलबाज आहे. एकाच्या कानाला त्यात नफा ऐकू येतो, तर दुसऱ्याच्या कानाला पूर्वजन्मीचे कर्म. ड्यूई यांना यांपैकी काहीच म्हणावयाचे नव्हते.

त्यांचे म्हणणे असे. जुन्या तत्त्वज्ञांनी ज्ञात्याला प्रेक्षक मानले. जग रंगभूमीवर घडते आहे आणि ज्ञाता दूर बसून ते नुसते न्याहाळतो आहे, अशी ही कल्पना. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निश्चिततेचा शोध’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात ड्यूई यांनी या कल्पनेचे मूळ शोधले. प्राचीन ग्रीसमध्ये हाताने राबण्याचे काम गुलामांकडे होते. विचार करणारा रिकाम्या हाताचा होता. म्हणून चिंतन श्रेष्ठ आणि कृती हीन ठरली, आणि हाताला मळ न लागता मिळते तेच खरे ज्ञान असा समज रूढ झाला. वाचकहो, हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे ग्रीस देश उभा राहतो की आपले गावकूस?

ड्यूई यांनी ज्ञात्याला प्रेक्षकाच्या जागेवरून उठविले. विचार सुरू होतो तो कोठेतरी वाट अडली म्हणून. अडचण कोणती हे माणूस नीट पाहतो, उपाय कल्पितो, तो करून बघतो आणि जे परिणाम दिसतात त्यांवरून कल्पना पक्की करतो किंवा टाकून देतो. परिणामांच्या कसोटीला उतरलेले, आणि उद्या नवा पुरावा आला तर पुन्हा कसोटीला लावता येईल असे, ते ज्ञान. १९३८ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी ‘सत्य’ या घमेंडखोर शब्दाऐवजी ‘पुराव्याने समर्थित विधान’ अशा अर्थाचा बेताचा शब्द पसंत केला.

यावर बर्ट्रांड रसेल यांच्यासारख्या थोर पंडिताने १९४५ साली हरकत घेतली. मी आज सकाळी कॉफी घेतली की नाही, हे ठरविण्यासाठी मला पुढच्या परिणामांची वाट पाहत बसावे लागेल काय, अशी त्यांची विचारणा होती. आणि सत्याला माणसाच्या हेतूशी जोडल्यास सत्तेची धुंदी चढेल, अशी त्यांना भीती होती. भीती पोकळ नव्हे. परंतु ड्यूई यांचे परिणाम हे एखाद्याच्या इच्छेचे परिणाम नव्हेत. कल्पनेतून जे निघावयास पाहिजे ते खरोखर निघते की नाही, हे सर्वांसमक्ष पाहणे, एवढाच त्यांचा अर्थ आहे. कॉफी घेतली असेल तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसेलच की! फायदा कोणाचा, हा त्या तपासणीत प्रश्नच नाही.

या दोन फळांतला फरक पाहावयाचा असेल, तर पनवेल तालुक्यातील नेरे या गावाकडे पाहावे. माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या या भागात कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरुग्णांच्या उपचाराचे आणि पुनर्वसनाचे काम तेथे उभे राहिले. ज्या रोगासाठी ते उभारावे लागले, त्याला आमच्या भाषेत ‘महारोग’ म्हणत. हा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, हे शतकानुशतके आमचे ‘ज्ञान’ होते. त्यावर शास्त्री आणि अडाणी, सावकार आणि कूळ, सर्वांचे एकमत होते. रोगी स्वतःसुद्धा तेच मानी आणि मान खाली घालून गावाबाहेर जाई. पण ते फळ कोणी पाहिले होते? पूर्वजन्म कोणी तपासला होता? ज्या फळाचे बीज कोणालाच दाखविता येत नाही, त्याचे नाव घेऊन जिवंत माणसाला हद्दपार करावयाचे, हे कर्मविपाकाचे फलप्रामाण्य!

दुसऱ्या बाजूला, १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू दाखविला. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन हे औषध वापरात आले. पुढे केवळ त्याने भागेना, कारण जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणजे कालचे ज्ञान आज अपुरे ठरले. तेव्हा संशोधकांनी शब्दच्छल न करता पुन्हा प्रयोग केले, आणि १९८० नंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोगी बरा होऊ लागला. हे फळ डोळ्यांना दिसते, बोटांना स्पर्श करून पाहता येते, आणि ते रोग्याला पाप विचारीत नाही. ड्यूई यांचे फलप्रामाण्य ते हे.

तरीही पाहा: रोग बरा होऊ लागल्यावरही कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे काढणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांत नमूद होते ते २०१९ साली काढले गेले. जंतू मरतो, पण गावाचे एकमत मरत नाही. जंतूवर औषध शोधणारे ज्ञान पुरेसे नाही. एकमतावर औषध शोधणारे ज्ञान पाहिजे. ते काम बाबासाहेबांनी केले.

करणारा एक, सोसणारा दुसरा

येथे बाबासाहेब गुरूच्या पुढे कसे गेले ते नीट समजून घ्यावे. ड्यूई यांच्या मते अनुभवाला दोन अंगे असतात: करणे आणि सोसणे. मूल विस्तवाला हात लावते, हे करणे. हात पोळतो, हे सोसणे. दोन्ही एकाच्याच वाट्याला येतात, म्हणून मूल शिकते. आता विचार करा, की हात एकाने लावला आणि पोळला मात्र दुसरा, तर शिकेल कोण?

जातिव्यवस्था म्हणजे नेमकी ही करामत. नियम करणारा एक आणि त्याचे परिणाम सोसणारा दुसरा. जो करतो त्याला परिणाम जाणवत नाहीत, म्हणून आपला नियम चुकला असे त्याला कधी वाटत नाही. जो सोसतो त्याला परिणाम पुरते ठाऊक असतात. पण त्याला बोलण्याचा, लिहिण्याचा, नियम बदलण्याचा अधिकार नसतो. गटार बांधण्याचा आराखडा काढणारा गटारात उतरत नाही, आणि उतरणाऱ्याला आराखडा कोणी दाखवीत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले, याचे कारण येथे सापडेल. जात हा केवळ अन्याय नव्हे. ती एका संपूर्ण समाजाच्या शिकण्याच्या शक्तीवर घातलेली बेडी आहे.

ड्यूई यांना वर्ग ठाऊक होता, जात ठाऊक नव्हती. समाजातील गटांचा एकमेकांशी मोकळा संबंध असावा, एकाचा अनुभव दुसऱ्यात पाझरावा, हे लोकशाहीचे लक्षण त्यांनी १९१६ च्या ग्रंथात सांगितले आणि बाबासाहेबांनी ते स्वीकारले. परंतु शाळा आणि चर्चा यांनी हा पाझर हळूहळू सुटेल, ही गुरूची आशा होती. ज्या भिंतीला धर्माचे गिलावे दिले आहेत तिच्यातून पाझर सुटत नाही, तेथे प्रथम भिंतीला हात घालावा लागतो, हे शिष्याला अनुभवाने कळले होते. हा अनुभव कोलंबियाच्या वर्गात मिळालेला नव्हता.

महाडचा पुरावा

नेऱ्याच्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येते. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासह आलेला जनसमुदाय तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. हा नुसता सत्याग्रह नव्हता; तो एक प्रयोग होता. अस्पृश्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते, ही एक कल्पना होती. ती करून पाहिली. पाण्याचे काय झाले? काहीच नाही. मारहाण मात्र झाली, आणि नंतर एकशेआठ घागरी पाणी उपसून पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. म्हणजे विटाळ पाण्यात नव्हता, तो कोठे होता, हे जगासमोर सिद्ध झाले.

पुढे सनातन्यांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे होते, की अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव ही अनादी काळापासून चालत आलेली रूढी आहे. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी रूढी असल्याचे वादींनी सिद्ध केलेले नाही. वाचकहो, या निकालाचा अर्थ ध्यानी घ्या. न्यायालयाने अस्पृश्यता पाप आहे की पुण्य, हे ठरविले नाही. त्याने एवढेच विचारले: पुरावा काय? आणि ज्या गोष्टीवर गावातल्या सर्व प्रतिष्ठितांचे एकमत होते, जी ‘सर्वांना ठाऊक’ होती, ती या एका प्रश्नापुढे उभी राहू शकली नाही. कारण या वेळी साक्षीच्या पिंजऱ्यात एकाच बाजूचे लोक नव्हते.

प्रामाण्य एकमताने येत नाही. ज्याला परिणाम सोसावा लागतो त्याची साक्ष घेतल्यावर जे टिकते, त्यालाच प्रामाण्य.

रॉर्टी यांचे ‘आपण’

आता तिसरा आक्षेप. रिचर्ड रॉर्टी (१९३१–२००७) यांनी १९७९ साली ज्ञान म्हणजे मनाच्या आरशात पडलेले जगाचे प्रतिबिंब, या कल्पनेवर प्रखर हल्ला चढविला. येथवर ते ड्यूई यांचे खरे वारस होते. परंतु आरसा फोडल्यावर त्यांनी ज्ञानाचा आधार कोठे ठेवला? एखाद्या विधानाचे समर्थन आपण आपल्या बरोबरीच्या माणसांपुढे करू शकलो, त्यांना ते पटले, की झाले. त्यापलीकडे सत्याचा वेगळा शोध घेण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत. ड्यूई यांच्या विचारातील प्रयोगाची पद्धत त्यांना अनावश्यक वाटली; संवाद त्यांना पुरेसा वाटला.

या मताला त्यांच्या स्वदेशात आणि युरोपात कडाडून विरोध झाला. हिलरी पटनम, सुसान हॅक, युर्गेन हाबरमास यांनी ज्ञान आणि एकमत यांत अंतर राखले पाहिजे, असे निरनिराळ्या मार्गांनी बजावले. अनिंदिता बलस्लेव यांनी रॉर्टी यांच्याशी केलेला पत्रव्यवहार १९९१ साली सिमल्याहून पुस्तकरूपाने निघाला. त्याचा रोख पूर्व आणि पश्चिम यांतील अंतरावर आहे. आमचे अंतर मात्र वेशीच्या आतले आणि बाहेरचे असे आहे. त्या जागेवरून प्रश्न विचारला तो मीरा नंदा यांनी, २००३ च्या आपल्या ग्रंथात. प्रत्येक संस्कृतीचे विज्ञान वेगळे, हा नव्या पंडितांचा सिद्धान्त येथील पुनरुज्जीवनवाद्यांच्या पथ्यावर पडतो, हे त्यांनी दाखविले आणि त्याविरुद्ध बाबासाहेबांची ड्यूई आणि बुद्ध यांना जोडणारी विज्ञानदृष्टी उभी केली. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांत हस्तक्षेप करण्याचे नाकारले, हे आठवले म्हणजे हा इशारा किती रास्त होता ते कळेल.

रॉर्टी यांच्यावर अन्याय करू नये. ते क्रौर्याचे वैरी होते आणि ‘आपण’ या शब्दाची कक्षा रुंदावत जावी, असे मनापासून सांगत. आज पटलेले उद्याच्या अधिक चांगल्या श्रोत्यांना पटणार नाही, ही शक्यताही ते मान्य करीत. पण आमचा प्रश्न साधा आहे. ते चांगले श्रोते येणार कोठून? रायगड जिल्ह्यातील ज्या गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, त्या गावकीत सर्व बरोबरीचे लोक बसलेले असतात. एकमेकांना समर्थन देतात आणि एकमेकांना पटवितात. संवाद तेथे भरपूर असतो! वाळीत पडलेला तेवढा संवादात नसतो. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो अशा एकमताविरुद्धच. ज्या समाजात ‘बरोबरीचे’ कोण हे जन्माने ठरते, तेथे बरोबरीच्यांच्या संमतीला ज्ञान म्हणणे म्हणजे जातपंचायतीला विद्यापीठाचा झगा चढविणे होय.

आपल्या घरातले शब्दप्रामाण्य

वाचकहो, येथवर परक्यांचा समाचार घेतला. आता थोडे आपल्याकडे वळू, कारण एका डोळ्याने पाहणारी टीका ही टीका नव्हे.

ज्ञानाची ही कसोटी बाबासाहेबांना एकट्या ड्यूई यांच्याकडून मिळाली असती, तर ती एका पंथाची गोष्ट राहिली असती. परंतु कालामांना उपदेश करताना तथागतांनीही हेच सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते, या मताला बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात थारा दिला नाही तो याच कसोटीने. नियम आणि तत्त्व यांतील जो भेद त्यांनी १९३६ साली मांडला, तोही येथलाच: नियम नुसता पाळावयाचा असतो, तत्त्व मात्र प्रत्येक प्रसंगी बुद्धीने लावावे लागते.

मग आपण काय करतो? बाबासाहेबांचे वाक्य सभेत म्हटले, की वाद मिटला, असे मानणारे आपल्यात कमी नाहीत. ग्रंथ पूजेला लावले आणि वाचावयाचे राहिले, अशी घरेही आहेत. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, पण मुलाला ताप आला की अंगारा आणावयाचा आणि लग्नात पोटजात पाहावयाची, हेही चालते. ज्यांनी शब्दप्रामाण्याची होळी केली, त्यांच्या शब्दांचे नवे शब्दप्रामाण्य करणे, ही त्यांची भक्ती नव्हे. तो त्यांचा पराभव आहे. आणि आपल्या घरात, आपल्या विहारात, आपल्या संघटनेत परिणाम सोसणारे कोण आहेत? स्त्रिया आहेत, शेतमजूर आहेत, आपल्याहून मागे राहिलेल्या जाती आणि कातकरी-ठाकरांसारखे आदिवासी आहेत. त्यांची साक्ष आपण घेतो काय? की आपणही आपल्यापुरती एक गावकी थाटली आहे?

यापुढे कोणी ज्ञानाच्या नावाने काही सांगू लागला, तर त्याचे गोत्र विचारू नका, त्याच्या पदव्या मोजू नका, त्याच्यामागे किती माणसे उभी आहेत हेही पाहू नका. तीन प्रश्न विचारा. हे म्हणणे चूक ठरले तर ते कशावरून कळेल? त्याचे परिणाम कोणाला सोसावे लागतील? आणि त्या सोसणाऱ्याला येथे बोलावले आहे काय? उत्तर मिळाले नाही, तर ते ज्ञान नव्हे, हुकूम आहे असे समजा. हुकूम मानण्याचे दिवस १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास संपले.